बसमध्ये ३० किलोचा इन्व्हर्टर आणि बॅटरीची पेटी: रबर माउंट की घट्ट फ्रेम?

खिडकीकाठ

नमस्कार. ११ मीटरच्या जुन्या प्रवासी बसचं फिरतं घर करायचं काम चालू आहे. इंजिन पुढे, सहा सिलिंडरचं डिझेल. सस्पेन्शन पाट्यांचं. विजेचं जड सामान असं:

– ४८ व्होल्ट, ५ केव्हीए इन्व्हर्टर-चार्जर, आत मोठा ट्रान्सफॉर्मर असलेला, ३० किलो
– आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (बाहेरून घेतलेली वीज बसच्या वायरिंगपासून वेगळी ठेवणारा), २४ किलो
– २८० अँपिअर-तासाच्या १६ लिथियम आयर्न फॉस्फेट सेलची पेटी, साधारण १०५ किलो

हे सगळं मागच्या चाकांच्या मागे, पलंगाखाली ठेवायचा बेत आहे. तिथे १२ मिमी प्लायचं ९०० × ६०० चं उभं पार्टिशन उभारायचं आणि इन्व्हर्टर त्यावर चार गोल रबर माउंटवर (दोन्ही बाजूंना आट्याची काडी असलेले, ३० मिमी व्यासाचे) टांगायचा. ट्रान्सफॉर्मर आणि बॅटरीच्या पेटीखालीही तसलेच माउंट. कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये भिंतीवर बसवायची पद्धत आहे, पण ती भिंत घराची धरलेली दिसते. रबर किती मऊ घ्यावं, प्लाय पुरेल का, आणि बोल्ट सैल होऊ नयेत म्हणून काय करावं?

पाटेकमान

रबराच्या आधी जागा बदला. मागच्या अ‍ॅक्सलच्या मागे लोंबणारा भाग हा बसमधला सगळ्यात वाईट तुकडा. पुढचं चाक खड्ड्यात गेलं की गाडी पुढे-मागे झुलते आणि मागच्या टोकाला ती हालचाल सर्वांत जास्त पोचते. गतिरोधकावरून मागची चाकं उतरताना तिथली जमीन खाली इतक्या वेगाने पडू शकते की वरचं सामान क्षणभर अधांतरी राहतं. शेवटच्या बाकावर बसलेला माणूस उडतो, तसाच तुमचा इन्व्हर्टरही उडणार.

यातून एक गोष्ट निघते जी बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटते. पुष्कळ इन्व्हर्टर वर एका पट्टीच्या आकड्यात अडकवून खाली दोन स्क्रूंनी धरायचे असतात. घराच्या भिंतीवर वजन कायम खालीच असतं, म्हणून तो आकडा पुरतो. बसमध्ये यंत्र वर उचललं जातं आणि आकड्यातून निसटायला बघतं. त्यामुळे वरून अडवणारी पट्टी हवीच, आणि वजन पेलायला खालून ३ मिमी जाडीच्या अँगलचं कायमचं टेकण हवं. मग मागचे बोल्ट फक्त यंत्र मागे दाबून धरायचं काम करतील.

जागा दोन अ‍ॅक्सलच्या मधली, शक्यतो मागच्या अ‍ॅक्सलच्या किंचित पुढे आणि जमिनीलगत. १६० किलो एका बाजूला लागणार असतील तर पाण्याची टाकी दुसऱ्या बाजूला घ्या, नाहीतर पाटे एका अंगाला बसतील. काम पूर्ण झाल्यावर दोन्ही अ‍ॅक्सलचं वजन वेगवेगळं करून घ्या.

हर्ट्झमोजणी

जागेबद्दल वरच्यांशी सहमत. आता रबर. "मऊ रबर घातलं की कंपन कमी" हे अर्धंच खरं आहे, आणि बसमध्ये उरलेलं अर्धं महागात पडतं.

कुठलंही वजन लवचिक आधारावर ठेवलं की त्याला स्वतःची डोलण्याची गती मिळते. ती काढायला एकच आकडा लागतो: वजन ठेवल्यावर आधार किती मिमी दबला. १५.८ ला त्या दबण्याच्या वर्गमुळाने भागा, उत्तर हर्ट्झमध्ये (सेकंदाला किती वेळा डोलतं) येतं. १ मिमी दबला तर साधारण १६ हर्ट्झ, २.५ मिमी तर १०, १० मिमी तर ५, आणि ०.१ मिमी तर ५०.

खालून येणारा हादरा या गतीच्या १.४ पटीपेक्षा जलद असेल तरच रबर तो कमी करतं. दुप्पट जलद असेल तर एक तृतीयांश वर पोचतो, तिप्पट असेल तर एक अष्टमांश. हादरा त्या गतीच्या जवळपास असेल तर उलट होतं, रबर तो वाढवतं. साध्या नैसर्गिक रबरात ही वाढ दहा पटींच्या आसपास जाऊ शकते.

आता बसमध्ये खालून काय येतं ते बघा. पाट्यांवर पूर्ण बॉडी वर-खाली होते ती १ ते ३ हर्ट्झ. १ मीटर व्यासाचं चाक ८० किमी वेगाने फिरताना सेकंदाला ७ फेरे घेतं, म्हणजे बॅलन्सिंग बिघडलेलं चाक ७ हर्ट्झने ठोकतं. खड्ड्यावरून जाताना चाक आणि अ‍ॅक्सल स्वतः उड्या मारतात, ते ८ ते १५ हर्ट्झ. जड सामानाला सर्वांत जास्त त्रास याच पट्ट्यात होतो. सहा सिलिंडरचं इंजिन ७०० आरपीएमवर आयडलिंगला ३५ हर्ट्झ देतं, १५०० वर ७५.

तुमचे ३० मिमीचे माउंट ३० किलोखाली, रबराच्या कडकपणानुसार, १ ते दीड मिमी दबतील. म्हणजे १३ ते १६ हर्ट्झ. उभ्या पार्टिशनवर लावले तर वजन रबराला दाबत नाही, आडवं कातरतं, आणि त्या दिशेने तेच रबर कित्येक पट मऊ असतं. मग गती ७–८ हर्ट्झवर येते. दोन्ही आकडे नेमके चाकांच्या उड्यांच्या पट्ट्यात. माउंट न लावता जेवढा हादरा बसला असता त्यापेक्षा जास्त बसेल.

त्या पट्ट्याच्या खाली जायचं तर आधार निदान १० मिमी दबायला हवा, आणि खड्ड्यात तो २५–३० मिमी हलणार, सगळ्या बाजूंनी तेवढी मोकळी जागा लागणार. त्यासाठी तारदोराच्या वेटोळ्यांचे माउंट असतात, पण पलंगाखाली ते कशाला? दुसरा रस्ता सोपा आहे: आधार इतका ताठ करायचा की यंत्राची स्वतःची गती ५० हर्ट्झच्या वर जाईल. मग १५ हर्ट्झचा हादरा ना वाढतो ना कमी होतो, यंत्र बसच्या बरोबरीने हलतं. या यंत्रांना ते चालतं. त्यांना मारतं ते वाढलेलं कंपन: आतला ट्रान्सफॉर्मर, उभे मोठे कपॅसिटर आणि चोक यांचे पाय आणि सर्किट बोर्डवरचे जोड थकून तडकतात.

प्लायचंही तेच गणित. १२ मिमी, ९०० × ६००, चारही कडा टेकलेल्या, मध्यावर ३० किलोचा जोर: १ ते दीड मिमी वाकेल. म्हणजे रबर न लावताही तुमचं पार्टिशन १३–१६ हर्ट्झवर ढोलाच्या पानासारखं वाजणार. ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, तरी १८ मिमीने जेमतेम २५ हर्ट्झ मिळतील. प्लाय पाठीला ठेवा, पण भार स्टीलने घ्यायला हवा.

खिडकीकाठ

हे गणित कुणी इतकं सरळ सांगितलं नव्हतं, मनापासून आभार. जागा बदलतो, मागच्या अ‍ॅक्सलच्या पुढे डाव्या भिंतीला सोय होईल. स्टीलची फ्रेम किती जाडीची लागेल? आणि बसच्या भिंतीला रिव्हनट (एका बाजूने भोकात बसवायचे आट्याचे नट) मारून ती धरली तर चालेल का?

चौकोनीपाइप

४० × ४० × २.५ मिमी चौकोनी पाइपच्या दोन उभ्या, मधलं अंतर यंत्राच्या भोकांएवढं. प्रत्येक उभी खाली जमिनीच्या क्रॉस मेंबरला (जमिनीखालचा आडवा बीम) आणि वर खिडकीखालच्या आडव्या पाइपला धरायची. टेकणांमधली उंची ८०० मिमी असेल तर ३० किलोच्या आडव्या जोराने ही जोडी मध्यावर साधारण ०.०९ मिमी वाकते, म्हणजे ५३ हर्ट्झ. उंची १२०० मिमी केली तर वाकणं ०.३ मिमीवर जातं आणि गती २९ हर्ट्झवर उतरते, आयडलिंगच्या अगदी शेजारी. उंची जास्तच असेल तर मध्ये एक आडवा पाइप घेऊन तो बसच्या खांबाला जोडा. प्रत्यक्षातले जोड गणितापेक्षा थोडे ढिले असतात, म्हणून हात राखून करा.

रिव्हनट कशात मारताय त्यावर सगळं आहे. बसचा बाहेरचा पत्रा किंवा आतलं पॅनेल मिलिमीटर-सव्वा मिलिमीटरचं असतं, त्यात कुठलाही रिव्हनट आज ना उद्या गरगर फिरायला लागतो आणि भोक लांबट होतं. पत्र्याला काहीही धरू नका. मागचा खांब शोधा. त्याची भिंत २ मिमी किंवा जास्त असेल तर स्टीलचे एम ८ रिव्हनट चालतील, अ‍ॅल्युमिनियमचे नकोत. त्याहून चांगलं म्हणजे आरपार बोल्ट, पण पोकळ पाइपमध्ये बोल्ट आवळला की पाइपच्या भिंती आत दबतात आणि पकड हळूहळू जाते. म्हणून पाइपच्या आत नळीचा तुकडा (एम ८ साठी आतून ८.५, बाहेरून १४ मिमी) घालून दोन्ही तोंडांना वेल्ड करायचा. बोल्टचा दाब त्या नळीवर येतो.

प्लायमधूनही तसंच. एम ८, ८.८ ग्रेडचा बोल्ट २५ न्यूटन-मीटरला आवळला की सुमारे १६०० किलोचा ताण धरतो. ३० मिमीच्या वॉशरखाली तो ताण प्लायवर दर चौरस मिमीला २५ न्यूटन पडतो. प्लाय एवढा दाब सोसत नाही, चेपत जातो आणि ताण उतरतो. बोल्ट मग "सैल झाला" म्हणतात, पण नट फिरलेलाच नसतो. बोल्टची पकड डोक्यापासून नटापर्यंत स्टीलवरच असली पाहिजे. प्लायच्या भोकात नळी घाला आणि यंत्राचा पाय, नळी, फ्रेम अशी रांग जुळवा.

ताण टिकला तर चार एम ८ बोल्ट या यंत्राला भरपूर आहेत. मोठ्या बसमधल्या गॅसच्या टाक्यांसाठी यूएन रेग्युलेशन ११० पुढच्या दिशेला ६.६ जी आणि आडव्या दिशेला ५ जी (१ जी म्हणजे वस्तूच्या स्वतःच्या वजनाएवढा जोर) सहन झाले पाहिजेत असं सांगतं. तुमच्या सामानाला तो नियम लागू नाही, पण फ्रेम मोजायला माप चांगलं आहे. ३० किलोच्या यंत्राला पुढे २०० किलोचा आणि १०५ किलोच्या पेटीला जवळजवळ ७०० किलोचा जोर धरा. जोरात ब्रेक मारल्यावर १ जीसुद्धा लागत नाही, हे माप अपघाताचं आहे.

एका जागी कापलेल्या स्प्रिंग वॉशरवर भरवसा नको. आडव्या थरथरीत ते नट थांबवत नाहीत. जर्मन इंजिनिअर युंकरने १९६९ मध्ये आडवं कंपन देऊन बोल्ट कसे सुटतात ते दाखवलं, आणि त्याच चाचणीत हे वॉशर आजही नापास होतात. नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला) पूर्ण निघून पडणार नाही, पण ताण त्यानेही राखला जात नाही. खरा उपाय म्हणजे पूर्ण टॉर्क, लांब बोल्ट (पकडीत आलेली लांबी व्यासाच्या निदान पाचपट, एम ८ ला ४० मिमी) आणि दातेरी उतारांच्या जोडी-वॉशर. मध्यम ताकदीचं थ्रेडलॉकरही (आट्यांना लावायचा गोंद) चालतं, फक्त ते प्लॅस्टिकच्या भागांवर सांडू देऊ नका. पॉलिकार्बोनेट त्याने तडकतं.

वेल्डिंग करताना बसच्या बॅटऱ्या आणि अल्टरनेटर सोडवा, इलेक्ट्रॉनिक कंट्रोल युनिट असेल तर त्याचे सॉकेट काढा आणि वेल्डिंगचा अर्थ क्लॅम्प कामाच्या अगदी जवळ लावा. चासीच्या मुख्य रेलच्या वरच्या-खालच्या पट्टीला भोक पाडायचं नाही, वेल्डही करायचं नाही.

गुणगुण

रबर पूर्ण बाद करू नका. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर ५० हर्ट्झच्या विजेवर १०० हर्ट्झने गुणगुणतो, आणि पलंगाखाली घट्ट बोल्ट केला तर अख्खी लाकडी फ्रेम गाते. रात्री झोप लागणार नाही.

हर्ट्झमोजणी

बरोबर, आणि तो आवाज अडवता येतो, कारण १०० हर्ट्झ चाकांच्या पट्ट्यापासून खूप दूर आहे. पण त्यासाठी कडक रबर हवं: पाच-सहा मिमी जाडीचे निओप्रीनचे तुकडे, २४ किलोखाली ०.१५ मिमी दबतील एवढेच. गती येते ४१ हर्ट्झ. १०० हर्ट्झची गुणगुण पाचव्या हिश्श्यावर उतरते आणि खड्डे त्याला हात लावत नाहीत. सहा सिलिंडरच्या आयडलिंगला ट्रान्सफॉर्मर बराच जास्त थरथरेल, पण ती थरथर मुळात लहान असते, तेवढी किंमत मोजायला हरकत नाही.

बोल्ट सरळ रबरातून आवळला तर सगळं फुकट, आवाज बोल्टमधूनच जातो. बोल्टवर खांदा असलेली बुशिंग, बुशिंगच्या बाहेर रबर आणि पायाच्या वर-खाली दोन्हीकडे रबरी वॉशर अशी जोडणी करा. बोल्ट बुशिंगवर पूर्ण घट्ट बसतो आणि रबर ठरलेलं तेवढंच दबतं. दोन्ही टोकांना काडी असलेले गोल माउंट इथे नकोतच. त्यांचं रबर धातूपासून सुटलं की २४ किलो मोकळे झाले. यात रबर फाटलं तरी बोल्ट आणि वॉशर यंत्राला सोडत नाहीत. इंजिनजवळ नैसर्गिक रबर किंवा ईपीडीएम टाळा, डिझेल आणि तेलाने ते फुगतं.

थिंबल

कुणी अर्थिंगचं बोललं नाही. रबरावर बसवलेल्या यंत्राचं धातूचं खोकं बसच्या बॉडीपासून तुटतं. घट्ट बोल्ट केलेलं असलं तरी रंगामुळे जोड खात्रीचा नसतो. खोक्यापासून बॉडीपर्यंत बारीक तारांची वेणी किंवा हिरवी-पिवळी लवचिक केबल वेगळी टाका, मॅन्युअलमध्ये दिलेल्या जाडीची. दोन्ही टोकांचा रंग खरवडून थिंबल (केबलच्या टोकाला बसवायचं भोकाचं धातूचं टोक) लावा आणि मग वरून रंग मारा.

केबल बारीक तारांची हवी. घरातली एकेरी जाड तार बसमध्ये काही काळाने थिंबलच्या तोंडाशी तुटते. थिंबल क्रिम्प करा (पक्कडीने दाबून बसवा), डाख देऊ नका. कथील तारांमध्ये चढून केबल कडक करतं आणि ते जिथे संपतं तिथेच ती मोडते. ७० चौरस मिमीची केबल मीटरला पाऊण किलोच्या आसपास भरते. ती टर्मिनलवरून लोंबत असेल तर प्रत्येक खड्ड्यात टर्मिनल उपटायला बघते. टर्मिनलपासून १५०–२०० मिमीवर पहिला क्लॅम्प, तोही यंत्राच्याच फ्रेमवर. फ्रेमवरून बसच्या भिंतीवर जाताना सैल वळसा द्या. रबरावरच्या ट्रान्सफॉर्मरला तर हा वळसा हवाच, नाहीतर जाड केबलच कडक आधार बनते.

थिंबल थेट तांब्याच्या बैठकीवर, वर साधा वॉशर, मग नट. थिंबल आणि बैठकीच्या मध्ये वॉशर घातलेला दिसला तर लगेच काढा, तिथेच जोड तापून वितळतो. इथला टॉर्क मॅन्युअलमधलाच घ्या. फ्रेमच्या बोल्टचे २५ न्यूटन-मीटर टर्मिनलवर लावले तर काडी फिरेल. थ्रेडलॉकर विजेच्या जोडावर नको. बॅटरीच्या धन टोकाला जवळात जवळ टी क्लासचा (शॉर्टसर्किटचा प्रचंड करंट तोडू शकणारा) फ्यूज, आणि पत्र्यातून जाणाऱ्या प्रत्येक भोकाला रबरी ग्रोमेट. घासून उघडी पडलेली केबल हा कंपनाचा सगळ्यात धोकादायक परिणाम आहे.

खिडकीकाठ

बॅटरीचं राहिलं. १६ सेल पेटीत एकमेकांना चिकटून ठेवलेत, वर कंपनीने दिलेल्या ताठ तांब्याच्या पट्ट्या. पेटीखाली रबर?

थिंबल

मऊ रबर नाही. ३ मिमी निओप्रीनचा एक थर, तोही घासू नये आणि जमिनीचा उंच-सखलपणा भरून निघावा म्हणून. पेटी क्रॉस मेंबरला चार एम १० बोल्टांनी. जिथे क्रॉस मेंबर सापडत नाही तिथे जमिनीखालून ७५ × ७५ × ५ मिमीची प्लेट.

बाहेरच्यापेक्षा आतलं जास्त महत्त्वाचं. सेल एकमेकांच्या सापेक्ष केसभरही हलले तर ताठ पट्टी ती हालचाल सरळ टर्मिनलला देते, आणि टर्मिनल मऊ अ‍ॅल्युमिनियमचं असतं. दोन्ही टोकांना जाड प्लेट, चार आट्याच्या सळया आणि सेलांच्या मध्ये फायबरग्लासचे पातळ पत्रे (सेलचं निळं आवरण घासून फाटलं तर धातूची खोकी एकमेकांना भिडतात) अशी आवळलेली गाठ बांधा. किती दाबायचं ते सेलच्या डेटाशीटमध्ये असतं, अंदाजाने पिळू नका. वरच्या पट्ट्या वेणीच्या किंवा पातळ पानांच्या लवचिक घ्या. बीएमएसच्या (प्रत्येक सेलवर नजर ठेवणाऱ्या सर्किटच्या) बारीक तारांना प्रत्येक सेलपाशी छोटा वळसा द्या आणि पुढे पेटीलाच बांधा. मोकळ्या राहिल्या तर तुटतात, आणि बीएमएस भलताच सेल खराब दाखवतो.

हर्ट्झमोजणी

फ्रेम तयार झाली की प्लाय लावण्याआधी तपासून घ्या. डायल गेज चुंबकी स्टँडने बसच्या खांबाला लावा, टोक इन्व्हर्टरच्या जागी उभ्या पाइपवर टेकवा आणि ताणकाट्याने ३० किलोचा आडवा ओढ द्या. ०.१ मिमीच्या आत राहिलं तर ५० हर्ट्झच्या वर आहात. ०.३ दिसलं तर आडवा पाइप वाढवा. गाडी चालू असताना तपासायला फोनमधलं कंपन मोजायचं अ‍ॅप पुरतं: फोन आधी जमिनीवर क्रॉस मेंबरपाशी घट्ट चिकटवा, मग यंत्राच्या खोक्यावर, दोन्ही वेळा तोच रस्ता आणि तोच वेग. ८ ते १५ हर्ट्झच्या पट्ट्यात खोक्यावरचा आकडा जमिनीएवढाच यायला हवा. दीडपट आला तर कुठला तरी जोड ढिला आहे.

चौकोनीपाइप

आणि प्रत्येक बोल्टवर आवळल्यावर नटापासून पाइपपर्यंत रंगाची एक रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली तर नट फिरलाय. पहिल्या १०० किमीनंतर टॉर्क पान्याने एकदा सगळे तपासा, मग १००० किमीला. रेघ जागेवर असूनही पाना फिरला तर नट पुन्हा आवळून थांबू नका. नळीचं तोंड, रंगाचा जाड थर किंवा मध्ये अडकलेलं लाकूड चेपतंय, ते उघडून काढा.